उंबऱ्याशी वाढलेलं पान

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे जुने पाठीराखे माननीय यज्ञेश्वरराव आगाशे, लखनौहून एवढ्या धुक्यातून वेळेवर पोहोचलेल्या प्रमुख पाहुण्या डॉक्टर निवेदिताबाई, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत आणि ज्यांना हे असं जमणं मुळीच आवडत नाही त्या आदरणीय शरदिनीताई, ब्रह्मा घाटावरचे शास्त्री-पंडित, 'मुक्काम'चे आजी-माजी रहिवासी, रामनगरच्या खोल्यांमधून पूल ओलांडून आलेली मंडळी, माता-भगिनी आणि खुर्ची न मिळाल्यामुळे मागे उभे असलेले मित्रहो, आपणा सर्वांना प्रल्हाद टोकेकराचा सविनय नमस्कार.

सुरुवातीलाच एक विनंती करतो. मघाशी कोणीतरी गार वारा येतो म्हणून मागचं दार लोटून घेतलं. जानेवारी आहे, गंगेवरून झोंबरा वारा येतो, सगळं मान्य. माझ्याही गळ्यात मफलर आहे. तरी ते दार उघडं राहू द्या. अन्वर, तू तिथेच बसला आहेस, तेवढं उघड बाबा. हां, पूर्ण उघड. आभारी आहे.

कारण सांगूनच टाकतो, नाहीतर हा म्हातारा सारखा दाराकडे का बघतो याचाच तुम्ही विचार करत बसाल आणि ताईंकडे कोणाचं लक्ष राहणार नाही. माझा मुलगा विश्वजीत सकाळपासून घरी आलेला नाही. आज या व्यासपीठावर ताईंच्या हातून 'मुक्काम'ची जबाबदारी त्याने घ्यायची होती. त्यासाठी शिवलेला नवा कुर्ता खाटेवर घडीच्या घडी पडला आहे. सकाळी चपला घालताना 'बाबा, आलोच' म्हणाला, आणि गेला. मी घाबरलो आहे. सत्काराच्या सभेत असं बोलायचं नसतं, कळतं मला. पण हे लपवून मी ताईंच्या गुणांचं वर्णन करत उभा राहिलो, तर ते वर्णन तुम्हालाही ऐकवणार नाही.

जे नवीन आहेत त्यांना एवढंच सांगतो की विश्वजीत काही वर्षांपूर्वी स्मॅक घेत होता. आपल्या शहरात त्याला नुसतं पुडी म्हणतात. एवढासा शब्द आहे, पण आमच्या घरातली त्याच्या आईची झोप, माझी जीभ आणि दोन पितळी समया त्या पुडीत गेल्या. समयांचं मला काही वाटत नाही. जीभ मात्र अजून ठिकाणावर आलेली नाही, हे आज तुम्हाला कळेलच.

आता ताईंविषयी. शरदिनीताई या आपल्या घाटावरच्या एका वेदशास्त्री गुरुजींच्या कन्या. मुलींच्या शाळेत शिकवत होत्या. त्यांचा धाकटा भाऊ याच व्यसनात सापडला, तेव्हा घरच्यांनी त्याला वरच्या मजल्यावरच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. हेतू वाईट होता का? मुळीच नाही. तुम्ही-मी तेच केलं असतं. तो खिडकीतून गेला, कायमचा. ताई हे स्वतःच्या तोंडाने सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो आहे, आणि त्या आत्ता माझ्याकडे ज्या नजरेने बघताहेत ती नजर मी सहन करतो आहे.

पुढे ते घर त्यांच्या वाट्याला आलं. तिथे त्यांनी व्यसनातून सुटू पाहणाऱ्यांसाठी 'मुक्काम' सुरू केलं तेव्हा पहिल्याच दिवशी सुताराला बोलावून घरातल्या सगळ्या कड्या, कोयंडे आणि अडसर काढून टाकले. आजही दाराच्या लाकडात खिळ्यांची भोकं दिसतील. ज्याला राहायचं त्याने राहावं, ज्याला जायचं त्याने जावं, हा घराचा एक नियम. दुसरा नियम असा की जो गेला त्याचं पान जेवणाच्या वेळी सगळ्यांबरोबर वाढायचं आणि दाराच्या आत, उंबऱ्याशी ठेवायचं. आणि तो परत आला की 'कुठे होतास' हे विचारायचं नाही. 'जेवलास का' एवढंच विचारायचं. जे बरे झाले पण ज्यांना घरचे आत घेईनात, कोणी भाड्याने खोली देईना, त्यांच्यासाठी मग रामनगरच्या खोल्या झाल्या. तिथेही हेच नियम.

मी आहे रेल्वेचा माणूस. सगळी नोकरी मुगलसरायच्या केबिनमध्ये गेली. फाटक बंद होऊन कुलूप पडल्याशिवाय सिग्नल द्यायचा नाही, हे आमचं पहिलं शिक्षण. त्यामुळे ताईंचं घर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी आधी दाराची कडी शोधली. मी म्हटलं, ताई, हा काय प्रकार आहे, ही धर्मशाळा आहे का? ताई म्हणाल्या, 'हो.'

तर अशा घरात मी विश्वजीतला आणून सोडलं ते ब्याण्णवच्या डिसेंबरात. सोडलं म्हणजे अक्षरशः दंडाला धरून आणलं. आणि लगेचच शहरात कर्फ्यू लागला. त्या दिवसांविषयी मी फार बोलणार नाही. या सभागृहात दोन्ही बाजूंची माणसं बसली आहेत आणि त्या वेळी कोणाच्या घरात कोण थरथरत होतं हे ज्याचं त्याला माहीत आहे. मी मुलाला बघायला म्हणून आलो होतो तो तिथेच अडकलो. दूध नाही, भाजी नाही, डॉक्टर येऊ शकत नाही. गलीत बुटांचा आवाज आला की सगळे बोलायचे थांबत. मधूनच भोंग्यावरून हुकूम यायचा, घर के अंदर रहिए. आणि आमचं घर असं की त्याचं दार वाऱ्याने आपोआप उघडत होतं.

त्यातच एका सकाळी विश्वजीत उठला. त्याचं नाक वाहत होतं, पायात गोळे येत होते, अंगावरचं पांघरूणसुद्धा त्याला टोचत होतं. चपला घातल्या. मी विचारलं, कुठे निघालास? 'बाबा, आलोच,' म्हणाला. आणि उघड्या दारातून गेला. मी ताईंकडे धावलो. ताई तांदूळ निवडत होत्या. मी ओरडलो, पकडा त्याला, बाहेर गोळ्या घालताहेत. ताई मला नाना म्हणतात. म्हणाल्या, 'नाना, पकडून आणलेला इथे एकही टिकत नाही.' मी म्हटलं, अहो, मी पकडूनच आणला होता त्याला. तर म्हणतात, 'म्हणून तर गेला.' इतका संताप आला होता मला. मघापासून शाल-श्रीफळ चाललं आहे म्हणून बोलू नये, पण त्या घडीला माझ्या हातात श्रीफळ असतं तर काय केलं असतं सांगता येत नाही.

मी गलीच्या टोकापर्यंत गेलो. तिथे एक जवान उभा होता, पोरसवदाच, तोही घाबरलेलाच. 'चाचा, वापस जाइए,' एवढंच म्हणाला. मी परत फिरलो.

आणि मग जे झालं ते मी आजवर चारचौघांत सांगितलेलं नाही. आपल्या पद्माकाकू, ज्यांच्या हातचं आज तुम्ही सगळे जेवणार आहात, त्या दुपारी स्वयंपाक करत होत्या. त्यांनी नियमाप्रमाणे विश्वजीतचं पान वाढलं. भात, वर ओतलेलं वरण, मिठाची चिमूट. उंबऱ्याशी नेऊन ठेवलं. काशीत माकडं सुखाने जेवू देत नाहीत, म्हणून त्यावर नेहमी परात झाकतात. परात आणायला काकू आत गेल्या आणि तेवढ्यात दोन कावळे आले. मी आपला मागच्या अंगणातून पुढे येतो आहे. आणि मला काय दिसतं, तर उघड्या दारात पत्रावळीवर भात, आणि भाताला चोच लावणारा कावळा.

आता तुम्हीच सांगा, ब्रह्मा घाटावर जन्म काढलेल्या माणसाने याचा काय अर्थ लावायचा? आपल्या आजूबाजूला दर घराआड श्राद्धकर्म चालतं. लहानपणापासून डोळ्यांना दुसरं दृश्य माहीत नाही. माझ्या मनात आलं, बातमी आली. माझा विश्वजीत गेला, मला सांगायचा धीर कोणाला झाला नाही, आणि यांनी विधीसुद्धा सुरू केले. मी सरळ अंगणातल्या नळाखाली जाऊन बसलो, नळ सोडला आणि डोक्यावर पाणी घेतलं. अंगात कोट होता, पायात मोजे होते. मृत्यूची वार्ता कळली की नेसत्या वस्त्रानिशी स्नान करायचं, एवढंच मला सुचत होतं. डिसेंबरातलं काशीचं पाणी. मी थरथरत होतो आणि त्याचं नाव घेत होतो.

हसा, हसायला हरकत नाही. ताईही आता हसताहेत. तेव्हा नव्हत्या हसल्या. त्यांनी येऊन नळ बंद केला, स्वतःच्या पदराने माझं डोकं पुसलं आणि म्हणाल्या, 'नाना, ते पान जेवणाऱ्याचं आहे. तो येणार म्हणून वाढलं आहे.' मी त्यांना विचारलं, तुम्हाला काय माहीत तो येणार आहे? त्या म्हणाल्या, 'मला माहीत नाही.' इतकं सरळ उत्तर मला त्याआधी कोणी दिलं नव्हतं. तोवर वाटत होतं, या बाईंना भीती म्हणून नाहीच. तेव्हा पाहिलं तर पदर पिळताना त्यांचे हात माझ्यापेक्षा जास्त कापत होते.

त्याच दुपारी गलीतली काही मंडळी आली. यज्ञेश्वरराव, माफ करा, पण त्यांत आपणही होता. आपण रागाने आला नव्हता, काळजीने आला होता. आपण म्हणालात, ताई, तुमच्या घरात कोण कोण राहतं हे सगळ्या मोहल्ल्याला माहीत आहे, निदान आज तरी आतून अडसर घाला. सगळ्यांची नजर अन्वरकडे होती. अन्वर हा विणकर, साड्या विणणारा, त्या वेळी घरातला आमचा एकटाच मुसलमान रहिवासी. दार उघडं राहिलं तर कोण आत शिरेल याचा नेम नव्हता. आणि दार बंद झालं तर माझा मुलगा परत कुठून येणार होता? सकाळी 'पकडा त्याला' म्हणून ओरडणारा मीच, आणि दुपारी दारात आडवा पडायला निघालो तोही मीच. भीती माणसाला इतकी स्वार्थी करते, याची मला पूर्वी कल्पना नव्हती. अन्वरच्या जिवाचा विचार त्या क्षणी माझ्या डोक्यात आलासुद्धा नाही.

अन्वरच्या डोक्यात मात्र माझ्या मुलाचा विचार आला. तो म्हणाला, 'मेरी वजह से बंद होगा तो मैं ही निकल जाता हूँ.' ताईंनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, 'बैठो.' तो बसला. कुठे बसला? आतल्या खोलीत, माळ्यावर, कोठीत, कुठेही लपला असता. तो उंबऱ्याशी बसला, हातात काठी घेऊन, विश्वजीतच्या झाकलेल्या पानाजवळ येणारे कावळे हाकलत. गलीतून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला पहिला तोच दिसत होता. यज्ञेश्वरराव, आपणही मग घरी गेला नाहीत. अंधार पडेपर्यंत पायरीवर त्याच्या शेजारी बसलात. हे मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला विश्वजीत आला. एका पायात चप्पल होती, दुसऱ्या पायात नव्हती. ओठ फुटलेला. डोळे मला ओळखत होते की नाही कोण जाणे. अन्वरने परात उचलली आणि विचारलं, 'खाना खाया?' विश्वजीत उंबऱ्यावरच बसला आणि थंडगार भात बचकाबचका खायला लागला. खाता खाता रडायला लागला. माझ्या जिभेवर प्रश्न आला होता. कुठे होतास? काय घेतलंस? कोणी मारलं? ताईंनी स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे एकदा पाहिलं. मी प्रश्न गिळला. तो मुलगा त्या वेळात कुठे होता, हे मला आजतागायत माहीत नाही. त्याच्या आईला माहीत नव्हतं, तीही न विचारताच गेली.

दुसऱ्या सकाळी ताईंनी त्याला पहिल्यापासून सुरुवात करायला लावली. त्यांच्या वडिलांच्या पाठशाळेत संथा चुकली की मुलाला मारत नसत, त्याला मुळापासून पुन्हा म्हणायला लावत. ताईंचं औषध म्हणजे तेवढंच. विश्वजीत नंतरही चुकला, पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागला, आणि एकदा जो बसला तो बसला. रामनगरच्या खोल्यांना रंग त्याने दिला, नव्या मुलांच्या उशाशी तो बसला. समितीने ताईंनंतर त्याचं नाव घेतलं तेव्हा मी आनंदाने रडलो होतो. आणि आज तो नाही.

आज सकाळी मी ताईंकडे गेलो तेव्हा त्या इंदूरला न्यायची वळकटी बांधत होत्या. दृष्टी अधू झाली आहे, बहीण बोलावते आहे, उद्या सकाळच्या गाडीचं तिकीट आहे. मी सांगितलं, विश्वजीत गेला. त्यांनी विचारलं, 'पान वाढायला सांगितलंत का?' मी म्हटलं, पान राहू द्या, तुम्ही दोन दिवस थांबा. तो येईपर्यंत तरी थांबा. मी हात जोडले, खोटं कशाला बोलू. ताई म्हणाल्या, 'नाना, माझ्यासाठी येणारा माझ्याबरोबर इंदूरला येणार आहे का? त्याला या घरात यायचं आहे. तुम्ही आहात ना घरात?' मला राग आला. अजूनही आहे. सत्कारमूर्तीवर राग धरून गौरवपर भाषण करणारा या शहरातला मी पहिलाच वक्ता असेन.

का गेला असेल तो? जबाबदारीला भ्यायला असेल. ताई जाणार म्हणून जीव उडाला असेल. किंवा कोणा नव्या मुलाला शोधायला गेला असेल, किंवा नुसता नावेत बसून पलीकडे गेला असेल. आणि जे मी तोंडाने बोलत नाही तेही असेल. त्या कर्फ्यूतही त्याने हेच दोन शब्द उच्चारले होते, 'बाबा, आलोच.' तुम्ही टाळ्या वाजवता आहात आणि माझ्या कानात तेवढंच ऐकू येतं आहे.

समितीची बैठक उद्या आहे. तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत आहे की 'मुक्काम'च्या दाराला लोखंडी चॅनेल गेट बसवून त्याला कुलूप घालायचा ठराव येणार आहे. वेल्डर माप घेऊन गेला आहे. हा ठराव यज्ञेश्वररावांनी मांडला, आणि त्याला अनुमोदन कोणाचं? माझं. रेल्वेचा माणूस, शेवटी जातीवर गेलो. त्यात काही लाजिरवाणं आहे असं मला वाटत नाही, काळ वाईट आहे, पुडीवाले गलीच्या तोंडाशी येऊन उभे राहतात. परंतु आज सकाळपासून मी एकच चित्र बघतो आहे. विश्वजीत येतो आहे, कुठून का येईना, कसा का येईना, आणि त्याच्या हाताला कुलूप लागतं आहे. म्हणून अध्यक्षमहाराज, सर्वांच्या साक्षीने मी माझं अनुमोदन मागे घेतो.

आणि तो आला नाही, तर उद्यापासून दाराशी मी बसेन. मला काही येत नाही. मला माणसांची पारख नाही, धीर नाही, जीभ तिखट आहे, आणि गलीत भांडं पडलं तरी मी दचकतो. ताई, तुम्ही गेल्यावर मला रोज भीती वाटणार आहे. पण तुमचे हात मी पाहिलेले आहेत. कापत्या हातांनी ते पान तुम्ही रोज वाढत आलात, मग मलाही ते जमवावं लागेल. तुम्ही निश्चिंत मनाने जा, असं मी म्हणणार नाही. काळजी करत जा, आणि अधूनमधून खबर घेत जा.

बराच वेळ घेतला. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिलेलं मला दिसलं. माझ्या बोलण्यात जे कमी-जास्त झालं असेल, मानाची नावं राहून गेली असतील, ताईंच्या गौरवाच्या जागी माझंच रडगाणं झालं असेल, ते सगळं तुम्ही मोठ्या मनाने पोटात घालावं. पद्माकाकू, तुमच्या स्वयंपाकघराचे, प्रमुख पाहुण्यांचे, सभागृह देणाऱ्यांचे आणि एवढा वेळ गारठ्यात उघड्या दाराशी बसलेल्या सगळ्यांचे मी मनापासून आभार मानतो.

अन्वर, तू उभा का राहिलास? दाराशी कोणी आलं आहे का? माझ्या नाकावर हा वाचायचा चष्मा आहे, मला इथून नुसती सावली दिसते आहे. मंडळी, कोणी मागे वळून बघत बसू नका, त्याला अवघडायला होईल. कोण आहे ते मला सांगूही नकोस, अन्वर. माझा असेल, दुसऱ्या कोणाचा असेल. काकूंनी आजचं पान या सभागृहाच्याच उंबऱ्याशी वाढून झाकून ठेवलं आहे. परात उचल, आणि विचार त्याला, जेवला आहे का.